खयालरसाचा चित्रकार : सुकुमार राय

पुढच्या अंगाने हत्ती आणि मागच्या अंगाने देवमासा असा एक प्राणी आहे. त्याच्यापुढे मोठाच पेच पडला आहे. त्याच्यातील देवमाशाला पाण्याकडे जावयाचे आहे, तर हत्तीला रानाची ओढ लागली आहे. शरीर मात्र दोघांत मिळून एकच. या प्राण्याचे नाव ‘हातिमि’. बंगाली भाषेत ‘हाति’ म्हणजे हत्ती आणि ‘तिमि’ म्हणजे देवमासा. प्राणिशास्त्राच्या कोणत्याही ग्रंथात हातिमिची नोंद सापडणार नाही. तथापि बंगालमधील मुलांच्या कित्येक पिढ्यांना तो वाघसिंहांइतकाच परिचयाचा झालेला आहे.

या प्राण्याला जन्म देणारे सुकुमार राय (१८८७-१९२३) हे कवी आणि चित्रकार होते. मराठी वाचकांपैकी अनेकांना त्यांचे नाव चित्रपट-दिग्दर्शक सत्यजित राय यांचे वडील म्हणून ठाऊक असते. परंतु बंगाली घराघरांत सुकुमारांची ओळख स्वतंत्र आहे. अवघे पस्तीस वर्षांचे आयुष्य लाभलेल्या या माणसाने ज्या विक्षिप्त, लहरी आणि वरवर पाहता निरर्थक वाटणाऱ्या आकृती काढल्या, त्यांच्यामागे विज्ञानाचा अभ्यास, मुद्रणकलेचे सखोल ज्ञान आणि समाजाचे बारकाईने केलेले निरीक्षण उभे होते. कल्पनेची भरारी आणि बुद्धीची शिस्त या परस्परविरोधी गोष्टी आहेत, असा एक समज शिक्षणक्षेत्रात व सार्वजनिक जीवनात आढळतो. सुकुमार रायांची चित्रसृष्टी हा समज खोटा ठरविते.

छापखान्यातील बालपण

सुकुमार यांचा जन्म ३० ऑक्टोबर १८८७ रोजी कलकत्त्यात, म्हणजे आजच्या कोलकात्यात झाला. त्यांचे वडील उपेंद्रकिशोर रायचौधुरी हे बालसाहित्याचे लेखक, चित्रकार, व्हायोलिनवादक आणि मुद्रणतज्ज्ञ होते. उपेंद्रकिशोरांनी मुलांसाठी रामायणाची कथा लिहिली व तिच्यासाठी चित्रेही काढली. परंतु लाकडी ठशांवरून छापताना ती चित्रे पार बिघडली. सामान्य माणसाने अशा वेळी छापखान्याला दोष देऊन समाधान मानले असते. उपेंद्रकिशोरांनी मात्र चित्रे छापण्याचे तंत्रच मुळापासून शिकावयाचे ठरविले. त्यांनी इंग्लंडहून यंत्रसामग्री मागविली आणि १८९५ साली ठसे तयार करण्याचा स्वतःचा व्यवसाय सुरू केला. पुढे ‘यू. राय अँड सन्स’ या नावाने तो प्रसिद्धीस आला. त्यांचे या विषयावरील लेख लंडनच्या ‘पेनरोज’ वार्षिकात छापले जात.

ज्या तंत्राचा त्यांनी ध्यास घेतला ते ‘हाफटोन’ या नावाने ओळखले जाते. छायाचित्रात पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत असंख्य छटा असतात. छापखान्याच्या शाईला मात्र काळेपणा एकच. ती कागदावर एक तर उमटते किंवा उमटत नाही. मग करडी छटा छापावयाची कशी? यासाठी बारीक रेघांची जाळी असलेली काच कॅमेऱ्यात संवेदनशील पटलापुढे ठेवून चित्राचे छायाचित्र घेतात. त्यामुळे संपूर्ण चित्राचे लहानमोठ्या ठिपक्यांत रूपांतर होते. गडद भागात ठिपके मोठे व एकमेकांना भिडलेले असतात, फिकट भागात ते बारीक व विरळ असतात. हे ठिपके धातूच्या पत्र्यावर कोरले जातात आणि त्यावरून छपाई होते. वाचकाच्या डोळ्याला ठिपके जाणवत नाहीत. त्याला छटा दिसतात. म्हणजे जे कागदावर नाही ते दिसावे, यासाठी जे कागदावर आहे त्याची अत्यंत काटेकोर मांडणी करावी लागते.

सुकुमार या वातावरणात वाढले. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून १९०६ साली त्यांनी पदार्थविज्ञान आणि रसायनशास्त्र या दोन्ही विषयांत ऑनर्ससह बी. एस्‌सी. पदवी मिळविली. त्याच सुमारास त्यांनी मित्रांना जमवून ‘नॉन्सेन्स क्लब’ नावाचे एक मंडळ काढले. मंडळाचे हस्तलिखित मासिक होते व त्याचे नाव ‘साडेबत्तीस भाजा’ असे होते. १९११ साली गुरुप्रसन्न शिष्यवृत्ती मिळवून ते इंग्लंडला गेले व लंडन आणि मँचेस्टर येथे छायाचित्रण व मुद्रण या विषयांचे शिक्षण घेऊन १९१३ साली परतले. पुढे १९२२ मध्ये ब्रिटनच्या रॉयल फोटोग्राफिक सोसायटीने त्यांना फेलो करून घेतले. चित्रकलेचे रीतसर शिक्षण मात्र त्यांनी कोठेही घेतले नव्हते.

‘संदेश’चा संसार

१९१३ साली उपेंद्रकिशोरांनी मुलांसाठी ‘संदेश’ हे मासिक सुरू केले. बंगालीत या शब्दाचे दोन अर्थ होतात : एक निरोप आणि दुसरा छेन्यापासून केलेली प्रसिद्ध मिठाई. मासिकाने दोन्ही अर्थ सार्थ केले. डिसेंबर १९१५ मध्ये उपेंद्रकिशोरांचे निधन झाले आणि छापखान्याबरोबर संपादनाची जबाबदारीही अठ्ठावीस वर्षांच्या सुकुमारांवर येऊन पडली.

त्यानंतरच्या सहा-सात वर्षांत त्यांनी ‘संदेश’साठी केलेले काम थक्क करणारे आहे. कविता, कथा, नाटुकली व कोडी यांच्याबरोबरच गॅलिलिओ, पाश्चर व आर्किमिडीज यांची चरित्रे आणि यंत्रांविषयी, पशुपक्ष्यांविषयी सोप्या भाषेतील माहितीपर लेख त्यांनी लिहिले. हे सर्व ज्या लेखणीतून उतरत होते, तीच लेखणी हातिमिही रेखाटीत होती. मुलांना एका पानावर पाणबुडीचे खरे यंत्र समजावून द्यावयाचे आणि पुढच्या पानावर जगात कोठेही नसलेले यंत्र हसत दाखवावयाचे, असा हा क्रम असे. खरे आणि खोटे यांची मुलांच्या मनात गल्लत होईल, अशी धास्ती त्यांना वाटली नाही. खऱ्याची ओळख पक्की असलेल्या मुलालाच खोट्याची गंमत कळते, हे त्यांनी ओळखले होते.

जोडप्राण्यांचे व्याकरण

हातिमि ज्या कवितेत येतो तिचे नाव ‘खिचुडि’, म्हणजे खिचडी. तिच्यात असे अनेक जोडप्राणी आहेत. हांस (बदक) आणि सजारू (साळिंदर) मिळून ‘हांसजारू’ होतो. बक (बगळा) आणि कच्छप (कासव) मिळून ‘बकच्छप’ होतो. सिंहाला हरणाची शिंगे हवीशी वाटतात आणि गायीला कोंबड्याचे रूप चढते.

ही नावे बारकाईने पाहण्याजोगी आहेत. ‘हाति’चा शेवट ‘ति’ने होतो आणि ‘तिमि’चा आरंभ ‘ति’नेच होतो. ‘बक’च्या शेवटी ‘क’ आहे आणि ‘कच्छप’च्या आरंभीही ‘क’ आहे. ‘हांस’ आणि ‘सजारू’ यांच्यामध्ये ‘स’ हा दुवा आहे. शब्दांचा सांधा जेथे बसतो तेथेच चित्रातील दोन शरीरांचा सांधा बसविलेला आहे. व्याकरणाच्या दृष्टीने हे संधी चुकीचे आहेत आणि आपण व्याकरण धाब्यावर बसविले असल्याची कबुली कवीने कवितेतच देऊन टाकली आहे. परंतु चूकही ठरलेल्या नियमाने केलेली आहे. म्हणूनच ती मनात ठसते. दोन प्राण्यांची केवळ मोडतोड करून एक ढीग रचला असता, तर तो कोणाच्याही लक्षात राहिला नसता.

चित्रांनाही हेच लागू पडते. रेखाटनात काटा काट्यासारखा आणि चोच चोचीसारखी आहे. उडवावयाचा नियम तेवढा एकच. बाकीचे सर्व नियम पाळलेले आहेत. मुलाला त्या प्राण्याच्या अस्तित्वाची खात्री पटते ती यामुळेच.

सुकुमारांनी या विषयाचा तात्त्विक विचारही केला होता. ‘प्रवासी’ या बंगाली मासिकात त्यांनी ‘शिल्पे अत्युक्ति’, म्हणजे कलेतील अतिशयोक्ती, या नावाचा लेख लिहिला होता. पुढे ‘आबोल ताबोल’ या संग्रहाच्या छोट्याशा प्रस्तावनेत त्यांनी आपल्या लेखनाला ‘खेयाल-रस’ असे नाव दिले आणि ज्यांना या रसाचा आस्वाद घेता येत नाही त्यांच्यासाठी हे पुस्तक नाही, असेही बजावले. भारतीय साहित्यशास्त्राने नऊ रस मानले आहेत. त्यांत हास्यरस आहे. परंतु सुकुमारांना तेवढ्याने भागण्यासारखे वाटले नाही. केवळ हसविणे निराळे आणि मनाच्या लहरीला तिच्या स्वतःच्या तर्काने शेवटपर्यंत जाऊ देणे निराळे. या दुसऱ्या प्रकाराला त्यांनी स्वतंत्र रसाचे स्थान दिले.

कचेरी, कायदा आणि दोन शेपट्या

ही सृष्टी केवळ प्राण्यांची नाही. तिच्यात कचेऱ्या आहेत, कायदे आहेत आणि न्यायालयेही आहेत. सरकारी कामकाजाशी संबंध असलेल्या वाचकांना हा भाग विशेष रोचक वाटेल.

‘गोंफ चुरि’ या कवितेतील हेड ऑफिसचे बडेबाबू एरवी अत्यंत शांत स्वभावाचे गृहस्थ आहेत. एके दिवशी खुर्चीत डुलकी घेत असताना ते अचानक किंचाळून उठतात आणि आपल्या मिशा चोरीस गेल्याचे जाहीर करतात. कारकून मंडळी आरसा आणून मिशा जागेवर असल्याचे दाखवितात. बाबू अधिकच संतापतात : या झाडूसारख्या घाणेरड्या मिशा आपल्या असणेच शक्य नाही! अखेर सर्वांना दंड ठोठावला जातो आणि असा निष्कर्ष निघतो की, मिशा माणसाच्या मालकीच्या नसून माणूसच मिशांच्या मालकीचा आहे. समोर दिसणाऱ्या पुराव्यापेक्षा अधिकाराच्या आसनावरून उच्चारलेले वाक्य जेथे खरे मानले जाते, तेथे याहून निराळे काय घडणार?

‘एकुशे आइन’ म्हणजे एकविसाचा कायदा. या राज्यात पाय घसरून पडणाऱ्याला शिपाई पकडून नेतो आणि त्याला एकवीस रुपये दंड होतो. सायंकाळी सहाच्या आत शिंकावयाचे असल्यास तिकीट काढावे लागते. हलणाऱ्या दातावर कर आहे, मिशी राखण्यावर कर आहे. कविता करणाऱ्यांना पिंजऱ्यात कोंडून त्यांच्याकडून किराणा दुकानाच्या वहीतले हिशेब करवून घेतले जातात. ब्रिटिश अमदानीतील वाचकांना या राज्याचा पत्ता शोधीत बसण्याचे कारण नव्हते. मात्र कविता त्या काळापुरती मर्यादित राहिली नाही. नियम कशासाठी केला याचा विसर पडला आणि केवळ आकडा शिल्लक राहिला की कोणत्याही राजवटीत एकविसाचा कायदा अवतरू शकतो.

‘हुंकोमुखो हँगला’ या विचित्र प्राण्याची व्यथा याहून सूक्ष्म आहे. त्याला दोन शेपट्या आहेत. माशी उजवीकडे बसली तर ती उजव्या शेपटीने मारावयाची आणि डावीकडे बसली तर डाव्या, असा त्याचा नियम आहे. पण माशी अगदी मधोमध बसली तर? या प्रश्नाने त्याची झोप उडाली आहे व त्याचे तोंड कायमचे उतरले आहे. नियमावलीत न बसणारे प्रकरण टेबलावर आल्यानंतर होणारी अवस्था इतक्या थोडक्या रेषांत क्वचितच कोणी दाखविली असेल.

यंत्रयुगाच्या हौसेवरही त्यांची नजर होती. ‘खुडोर कल’, म्हणजे काकांचे यंत्र, या चित्रातील यंत्र खांद्यावर बांधावयाचे असते. त्याच्या दांडीला नाकासमोर खाद्यपदार्थ टांगलेले असतात. माणूस ते खाण्यासाठी पुढे सरकतो, पदार्थही तितकेच पुढे सरकतात आणि पाहता पाहता कोसच्या कोस मागे पडतात. यंत्र अचूक चालते. घास मात्र कधीच तोंडाला लागत नाही.

‘ह-य-व-र-ल’ ही गद्यकथा १९२२ साली ‘संदेश’मध्ये प्रसिद्ध झाली. बंगालीत या अक्षरसमूहाचा अर्थ गोंधळ असा होतो. उन्हाळ्याच्या दिवशी गवतावर ठेवलेला रुमाल घाम पुसण्यासाठी उचलावा, तो तो मांजर होऊन बसतो, असा तिचा आरंभ आहे. पुढे पाटीवर हिशेब मांडणारा एक कावळा भेटतो आणि शेवटी घुबड न्यायाधीश झालेला एक खटला चालतो. ‘हेशोराम हुशियारेर डायरी’ या शिकारकथेत तर त्यांनी प्राण्यांच्या शास्त्रीय नावांचीच थट्टा केली. सदा घुम्या बसणाऱ्या प्राण्याला त्यांनी ‘गोमराथेरियम’ म्हटले, हावरटाला ‘हँगलाथेरियम’ आणि सतत ओरडणाऱ्याला ‘चिल्लानोसोरस’. विज्ञानाचा पदवीधरच अशी थट्टा इतक्या आपुलकीने करू शकतो.

रुग्णशय्येवरील ग्रंथ

१९२१ साली सुकुमारांना काळा आजार जडला. वाळूमाशीच्या चाव्यातून पसरणाऱ्या या रोगाने त्या काळी बंगाल व आसामात असंख्य बळी घेतले. त्याच कलकत्ता शहरात डॉ. उपेंद्रनाथ ब्रह्मचारी या रोगावरील ‘युरिया स्टिबामाइन’ या औषधाचे संशोधन करीत होते. परंतु सुकुमारांचे प्राण त्याने वाचू शकले नाहीत. आजारपणाची सुमारे अडीच वर्षे त्यांनी अंथरुणावर काढली.

ती वर्षे त्यांच्या कामाची वर्षे ठरली. लिहिणे, चित्रे काढणे आणि ‘संदेश’चे काम पाहणे चालूच होते. ‘आबोल ताबोल’ या नावाचा अर्थ असंबद्ध बडबड असा आहे. या संग्रहाची निवड, चित्रे व मांडणी त्यांनी रुग्णशय्येवरूनच सिद्ध केली. आजारपणात रवींद्रनाथ ठाकूर त्यांच्या भेटीस आले आणि त्यांच्या इच्छेवरून त्यांनी गीते म्हटली. संग्रहाची पहिली आणि शेवटची अशा दोन्ही कवितांना ‘आबोल ताबोल’ हेच शीर्षक आहे. पहिलीत वेड्या स्वप्नांच्या जगात येण्याचे आमंत्रण आहे, तर शेवटचीत त्या जगातून निघतानाचा निरोप आहे. हा निरोपही अश्रू ढाळणारा नाही. लहरीतला सूर अखेरपर्यंत सुटलेला नाही.

१० सप्टेंबर १९२३ रोजी सुकुमार रायांचे निधन झाले. त्यानंतर नऊ दिवसांनी, १९ सप्टेंबरला, ‘आबोल ताबोल’ प्रसिद्ध झाले. ज्या ग्रंथाने त्यांना अमर केले, तो बांधून तयार झालेला त्यांना पाहावयास मिळाला नाही. पुढे काही वर्षांतच छापखानाही बंद पडला. वडिलांच्या मृत्युसमयी अडीच वर्षांचेही नसलेले सत्यजित मोठेपणी स्वतः चित्रकार आणि बालसाहित्यिक झाले. १९६१ साली त्यांनी ‘संदेश’चे पुनरुज्जीवन केले आणि १९८७ मध्ये, जन्मशताब्दीच्या वर्षी, वडिलांवर एक माहितीपट तयार केला.

हसण्यास बंदी नसलेली शाळा

सुकुमारांच्या सृष्टीत ‘रामगरुडेर छाना’, म्हणजे रामगरुडाची पिले, नावाची एक जमात आहे. या पिलांना हसण्याची मनाई आहे. कोठे कोणी हसत तर नाही ना, या धास्तीने ती सदैव कान टवकारून बसलेली असतात. त्यांच्या घरात हसण्याला प्रवेश नाही; आणि म्हणून त्यांना झोपही नाही. या चित्राकडे पाहताना आपल्या एखाद्या वर्गखोलीची वा सभागृहाची आठवण होत असेल, तर ती पुसून न टाकता तिचा विचार करणे श्रेयस्कर.

ग्रामीण शाळांमधून चित्रकलेचा तास बहुधा फुलदाणी, डोंगर आणि उगवता सूर्य यांच्या नकला करण्यात संपतो. सुकुमार रायांच्या खिचडीचा प्रयोग कोणत्याही शाळेत करता येण्याजोगा आहे. त्यासाठी रंगपेटी लागत नाही. पाटी आणि खडू पुरेसे आहेत. मुलांनी गावात पाहिलेले दोन प्राणी निवडावेत व त्यांच्या नावांत सामाईक असे अक्षर शोधावे. सरडा आणि डुक्कर यांचा ‘सरडुक्कर’ होईल, कोंबडा आणि बेडूक यांचा ‘कोंबेडूक’ होईल. मग शिक्षकाने विचारावे : हा राहतो कोठे? खातो काय? पावसाळ्यात त्याचे काय होते? त्याच्यातील दोघांचे भांडण कशावरून होते? या प्रश्नांची उत्तरे देताना मुलाला खऱ्या सरड्याची शेपटी आणि खऱ्या बेडकाचे पाय पुन्हा एकदा लक्षपूर्वक पाहावे लागतील. निसर्गाभ्यास, भाषा आणि चित्रकला हे तिन्ही विषय एकाच तासात हाती लागतील. आणि वर्गात हशा पिकेल तो निराळाच. अशी चित्रे शाळेच्या भित्तिपत्रकावर किंवा गावाच्या ग्रंथालयात लावली गेली, तर पालकांनाही मुलांच्या बुद्धीची एक निराळी ओळख पटेल.

एकविसाच्या कायद्याला हसणारे मूल मोठेपणी नियम मोडणारा नागरिक होईल, अशी शंका घेण्याचे कारण नाही. नियमाचा हेतू विचारण्याची सवय त्याला लागेल, आणि लोकशाहीत ग्रामसभेपासून विधिमंडळापर्यंत याच सवयीची गरज असते. पुराव्यापेक्षा मिशांचा मान मोठा नाही, हे ज्याने लहानपणी एका चित्रातून जाणले, तो पुढे कोणत्याही खुर्चीसमोर उभा राहिला अथवा कोणत्याही खुर्चीत बसला, तरी आरसा नाकारणार नाही. दुर्धर आजाराने खिळलेला एक मुद्रणशास्त्रज्ञ अखेरच्या दिवसांपर्यंत दोन शेपट्यांच्या प्राण्यांची पाने जुळवीत बसला होता. त्याला ते काम इतके मोलाचे का वाटले, याचे उत्तर यात सापडते.